चितेगावचं देवदार

मामंजी माझ्याशी पहिलं सलग वाक्य बोलले, ते लाकडाबद्दल. तोवर "सूनबाई, चहा" आणि "सूनबाई, कुणी आलं होतं का" एवढ्यावर आमचं भागत होतं. सरकारी कचेरीतून ते नुकतेच रिटायर झाले होते आणि गारखेड्यातल्या आमच्या नव्या घरात दिवसभर करायचं काय, हे त्यांना उमगत नव्हतं. घर तरी केवढं? दोन खोल्या, भिंतीला लावलेल्या ट्रंका, गुंडाळलेल्या गाद्या आणि एक लोखंडी खुर्ची. हे सकाळीच कंपनीत जायचे. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, तर मामंजी मागं येऊन उभे राहिले.

"सूनबाई, जेवायचं टेबल करायचं म्हणलं तर लाकूड कोणतं घ्यावं?"

माझ्या हातातला पिळा तसाच राहिला.

ते का विचारताहेत, ते मला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात सासूबाईंचे गुडघे धरले होते. खाली बसल्या की उठवायला माणूस लागायचं, म्हणून त्या ओट्याशी उभ्यानं जेवायच्या. ताट ओट्यावर, एक हात कंबरेवर, आणि वर मोठ्यानं म्हणायच्या, "मला असंच बरं पडतं." मामंजी पाटावर मान खाली घालून बसायचे आणि अर्धी भाकर ताटात तशीच राहायची.

"ती उभी अन् मी बसलेलो. घास उतरत नाही," ते हळूच म्हणाले.

"विकतचं आणू या की."

"विकतचं आपल्याला झेपायचं नाही. मी करतो."

"तुम्हाला येतं?"

"नाही!" असं म्हणून ते चक्क हसले. मामंजींना हसताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

सासूबाईंना "भाजी आणतो" असं सांगून आम्ही मोंढ्याकडच्या वखारी पालथ्या घातल्या. सागवानाचा भाव ऐकून मामंजींनी प्यायला पाणी मागितलं. बाभळीची फळी दोघांनाही उचलेना. आंब्याच्या फळीत भुंग्यानं आधीच घर केलेलं. शेवटच्या वखारीतल्या म्हाताऱ्या चाचांना आमची दया आली.

"बडे मियाँ, हलका और सस्ता होना तो देवदार देखो. खोके का माल. हमारे पास नहीं आता. पैठण रोड पे कंपनियाँ हैं ना, उनकी मशीनां आती खोकों में."

मामंजींनी त्यांचे आभार अशा काही अदबशीर उर्दूत मानले की चाचा गादीवरून उठून उभे राहिले आणि आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आले.

"पोलीस ॲक्शनच्या आधी आमची शाळा उर्दूच होती," बाहेर आल्यावर मामंजी लाजून म्हणाले.

घरी पोचलो तर सासूबाई दारातच उभ्या. "भाजी कुठंय?"

"महाग होती," मामंजी म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून पोटभर हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निमित्त होतं लांबच्या पाहुण्याच्या आजारपणाचं. पैठणच्या एसटीनं निघालो. एका कंपनीच्या गेटवर वॉचमननं हाकललं. दुसऱ्या गेटवरच्यानं आमच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "खोकी व्हय? चितेगावात जावा. एक मावशी सगळी उचलती."

मावशीचं घर वासावरून सापडलं. खरंच सांगते, गल्लीच्या तोंडाशीच वास आला, थोडा कापरासारखा, थोडा लिंबाच्या सालीसारखा. घरामागं गोठा आणि गोठ्याला लागून खोक्यांचा डोंगर. आज त्याला कुणी पाइन म्हणेल. आम्ही सगळे खोक्याच्या लाकडाला देवदारच म्हणायचो. पिवळसर गोऱ्या फळ्या, त्यांवर तांबूस गाठी, आणि कुठल्या कुठल्या देशांची काळी अक्षरं. एका खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी एक फळी उचलून नाकाशी धरली. मामंजी तर गाय चाचपावी तसे एकेका फळीवरून हात फिरवत होते.

"कोण नेतं हे?" त्यांनी विचारलं.

"हलवाई," कमरेला पदर खोचलेली मावशी म्हणाली. "भट्टीला. लई झकास पेटतंय."

"पेटवतात?" मामंजींचा आवाज चिरकला.

"मग काय पूजा करत्यात? तोलून देते. खिळ्यासकट."

खिळ्यासकट म्हटल्यावर मामंजींमधला कचेरीतला माणूस जागा झाला. "अन् आम्ही खिळे काढून घेतले तर?"

मावशीनं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "काढा की. पर खिळे माझे." आणि आतून जंबुरा आणि हातोडी आणून आमच्यापुढं टाकली.

मग जे सुरू झालं, त्याला काम म्हणवत नाही. मी पदर खोचला. मामंजींनी टोपी खिशात घातली. ते हातोडीनं खिळा उचकटायचे, मी जंबुऱ्यात धरून ओढायची. प्रत्येक खिळा निघताना असा काही किंचाळायचा की म्हैस मान वळवून बघायची. थोड्या वेळानं आमची चढाओढच लागली.

"मामंजी, माझा बघा! केवढा!"

"हॅ! हा बघ, नागासारखा!"

'सूनबाई'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एक हट्टी खिळा निघेना म्हणून माझ्या हातातला जंबुरा घेऊन मामंजींनी पाय खोक्याला लावला आणि सगळं अंग मागं टाकलं. खिळा सुटला आणि मामंजी पाठीमागच्या कडब्याच्या ढिगात उताणे. मी धावत गेले, तर ते आभाळाकडं बघत गदागदा हसत होते आणि हातात खिळा उंच धरलेला.

"निघाला की नाही?"

मग मीही तिथंच मटकन बसले. मावशी गोठ्याच्या खांबाला धरून डोळे पुसत होती. "नाय बाई, असलं गिऱ्हाईक नाय पाहिलं कधी," म्हणाली, आणि वजन करताना काटा आमच्या बाजूनं चांगलाच झुकू दिला.

परतीला कोबीचा टेम्पो मिळाला. ड्रायव्हरशेजारी एकालाच जागा होती. मामंजी म्हणाले, "तू बस." मी म्हणाले, "मी वर बसणार." मग तेही वर आले. फळ्यांवर बसून, दोरीला धरून आम्ही पैठण रोडनं शहरात शिरलो. माझा पदर वाऱ्यावर, त्यांचे विरळ केस उभे. त्यांनी शाळेतली एक उर्दू कविता म्हणायला घेतली, अर्ध्यात विसरले, तरी दाद मागितली. मी कोबीच्या गड्ड्यावर थाप मारून वाहवा केली.

दारात सासूबाई. "पाहुणा गेला का काय? सरपण कशाला आणलं एवढं?"

टेबल व्हायला बरेच दिवस लागले. करवत शेजाऱ्यांची, रंधा उसना. एक पाय आखूड कापला गेला म्हणून मामंजींनी बाकीचे कापले. मग दुसराच आखूड झाला. टेबल रोज थोडं थोडं खाली यायला लागलं.

"असंच करू राहिले तर पाट होईल त्याचा," सासूबाई आतून म्हणाल्या. तेव्हा कुठं मामंजी थांबले आणि आखूड पायाखाली चकती ठोकली.

पहिल्या दिवशी सासूबाई बसेचनात. मामंजींनी लोखंडी खुर्ची ओढली आणि नुसतेच उभे राहिले. त्या बसेपर्यंत उभेच. मग स्वतः एका उपड्या खोक्यावर टेकले. सासूबाईंनी ताटाखालच्या, खोक्यावरच छापून आलेल्या काळ्या छत्रीच्या चित्रावर बोट ठेवलं; कितीही रंधा मारला तरी ते चित्र गेलं नव्हतं.

"ही छत्री कशाला?"

"वरण सांडलं तर," मामंजी म्हणाले.

त्या अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी त्यांनी आणखी अर्धी भाकर मागून घेतली आणि मामंजींच्या ताटात काही उरलं नाही. जेवण झाल्यावर त्या उगाच फळीवरून हात फिरवत बसल्या.

"फळ्या उरल्या का?"

"नाही."

"मग मला न्या तिथं. खिडकीखाली मांडणी पाहिजे मला. अन् तुम्हा दोघांना काही भाव करता येत नाही."

गेल्या की! मावशीशी त्यांचं पहिल्याच वाक्याला भांडण जुंपलं आणि चहा होईपर्यंत दोघी एकमेकींच्या गुडघ्यांना तेल सुचवत होत्या. येताना टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची. शहर येईपर्यंत खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या वरच्या आम्हा दोघांवर ओरडत होत्या, "नीट बसा रे, पडाल!" आणि आम्ही वरून, फळ्यांच्या ढिगावरून, "हो हो" म्हणत आणखीच हसत होतो.