पालथ्या माणसाची शिदोरी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विनूला सांगितलं, ऑपरेशननंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं. मान खाली, नजर जमिनीवर. विनूचं पुण्यात फरश्यांचं दुकान आहे. महिन्याभरापूर्वी त्याला फरशीच्या सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. त्यानं आधी गवंड्याला झापलं आणि मग डॉक्टर गाठला.

"आयुष्यभर लोकांना फरश्या दाखवल्या, आता देव मला दाखवणार," तो म्हणाला, आणि हसला नाही. स्वतःच्या विनोदावर विनू हसला नाही, की समजावं, गडी घाबरलाय.

मी कॉलेजात इंग्रजी कविता शिकवतो. तळ्याकाठी, डोंगरात एकटे हिंडणारे ते जुने विलायती कवी माझ्या फार जवळचे. त्यांचं म्हणणं साधं आहे: सुंदर दृश्य एकदा मनात उतरलं, की ते अंधारातही सोबत करतं. पंचवीस वर्षं मी हे टेबलावर मूठ आपटून मुलांना सांगत आलोय. आता सिद्ध करायची संधी चालून आली होती.

"विनू, तुला आठवडाभर पुरेल अशी शिदोरी भरून आणू. डोळ्यांत."

"तुझ्या कवींना कधी पालथं झोपवलं होतं का?" त्यानं विचारलं. पण सकाळी टोपी घालून दारात उभा होता.

भातलावणीचे दिवस होते. बोरघाट उतरून खोपोली मागं टाकली आणि कर्जतच्या रस्त्याला लागलो. स्टेशनापाशी गरम वडे खाल्ले. विनू मिरचीचा तुकडा मोडत म्हणाला, "याचा आनंद टिकणार बघ. संध्याकाळपर्यंत जळजळेल."

मी लक्ष दिलं नाही. माझा भरवसा भिवपुरीकडच्या एका धबधब्यावर होता. तरुणपणी पाहिलेला. पायवाट होती तिथं आता निळं फाटक निघालं. फाटकाशी छत्री घेतलेला रखवालदार.

"बुकिंग हाय का?"

"धबधब्याचं?"

"फार्महाऊसचं. धबधबा त्याच्या मागं हाय."

"आम्ही नुसतं बघून येतो हो."

"लोक बघायलाच बुकिंग करतात, साहेब."

मी त्याला विनूच्या डोळ्यांची कहाणी सांगितली. आवाजात कंप आणला, शेवटी हात जोडले. त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "मग आवाज ऐका ना इथून. फुकट हाय." ऐकला. पाण्याच्या आवाजावर कुणाच्या तरी स्पीकरवरचं गाणं चढलं होतं.

तिथून एका चढावर गाडी नेली. "इथून समोर माथेरानचा अख्खा डोंगर दिसतो," मी दार उघडून जाहीर केलं. समोर पांढरं धुकं. मागं धुकं. गाडीचा मागचा दिवासुद्धा अंदाजानंच.

विनूनं एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. "दोन्हीतून सारखंच दिसतंय. ऑपरेशन रद्द करू का?"

परत फिरलो. विनू खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मध्या, नाहीच दिसलं पुन्हा नीट, तर?"

मी समोरची काच पुसली आणि उगाच गिअर बदलला.

खालापूरच्या बाजूला वळलो आणि रस्त्याच्या कडेला खाचरं (बांध घातलेली भातशेतं) लागली. तीनचार बाया प्लास्टिकचे कागद पाठीवर घेऊन वाकल्या होत्या.

"चल, तुला लावणी दाखवतो."

"भरदुपारी?" विनू जरा ताठ बसला. भाताची म्हटल्यावर पुन्हा सैल झाला. तो गाडीला टेकून रस्त्यावरच थांबला. मी मात्र बांधावर चढलो. अशा जागी मला उभं राहता येत नाही, पवित्रा घ्यावा लागतो. डोंगराकडे पाठ केली, विनूकडे तोंड, डावा हात छातीवर, उजवा आकाशात.

"विनायका," मी म्हणालो, "हे बघ, आणि भरून घे..."

बांध ओला होता. मी पुढचं वाक्य चिखलाला सांगितलं.

"गेलं गं, पाव्हणं गेलं," एक आवाज आला.

मी तोंड वर काढलं. नाकात चिखल, डोळ्यांत चिखल. एक म्हातारी हातातली रोपांची मूठ तशीच धरून माझ्याकडे बघत होती. "अवं दादा, रोप डोक्याकडनं नाय लावत. मुळं खाली ठेवायची."

"आन् हे रोप लई जून झालंय गं आत्या," दुसरी म्हणाली. "धरायचं नाय."

"तू वड की त्याला. बोलत काय बसलीस."

दोघींनी काखेत हात घालून मला उपटलं. डावी चप्पल आतच राहिली. मी चाचपडायला लागलो तर म्हातारीनं अडवलं. "लावलेलं तुडवू नका. कापणीला या चपलेला. तवर तिला लोंब्या धरतील."

पंपाच्या पाइपाखाली मला धुतलं, खताच्या रिकाम्या गोणीवर बसवलं, कोरा चहा पाजला. ती गोणी त्यांनी गाडीच्या सीटवर टाकायलाही दिली. घाट चढताना मी हिशेब मांडत होतो. धबधबा नाही, डोंगर नाही, शिदोरीचा डबा रिकामाच. शेजारी विनूनं तोंड खिडकीकडे फिरवलेलं, आणि मधूनच त्याचे खांदे हलत. मला वाटलं, रडतोय.

ऑपरेशननंतर भेटायला गेलो. वहिनींनी दारातच धरलं. "भाऊजी, काय दाखवून आणलंत यांना? पडल्या पडल्या हसतात. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलंय."

आत विनू पालथा, डोकं पलंगाच्या कडेबाहेर. त्याच्याशी बोलायचं तर एकच मार्ग होता. मी फरशीवर उताणा झालो आणि सरकत त्याच्या तोंडाखाली गेलो.

"आलास?" तो वरून म्हणाला. "पुन्हा आडवाच?"

"मला हसतोस का रे आठवडाभर?"

"आधी तुला. मग बाकीचं दिसतं."

"बाकीचं काय?"

"तू पडलास ना, तेव्हा धपकन् आवाज झाला. पलीकडच्या खाचरात बगळे होते, ते सगळे एकदम उठले. त्याच वेळी तुझ्या मागचा ढग फाटला. अख्खा डोंगर, धुतलेला. त्यावर पाण्याच्या बारीक बारीक रेघा, आणि हिरव्यावरून ते पांढरे बगळे तिरके गेले." त्यानं हात खाली सोडून हवेत रेघ ओढली. "त्या पाण्याच्या रेघा वाकड्याच असतात ना रे? मग मला बरोबर दिसल्या."

मी काहीच पाहिलं नव्हतं. मी चिखलात होतो.

"पुन्हा सांग," मी म्हणालो. त्यानं पुन्हा सांगितलं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि आम्हाला तसे बघून परत गेल्या.

विनूचा डोळा पुढं बरा झाला. दुकानातल्या रेघा आता सरळ दिसतात. जो थोडा वाक उरलाय, तो गवंड्याचा आहे म्हणतो.

ते बगळे मात्र माझ्याकडे आले. कंटाळवाण्या मीटिंगमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, डोळे मिटले की उठतात. कवींनी तरी दुसरं काय केलं? त्यांनी पाहिलं, आणि न पाहिलेल्यांना दिलं. फक्त माझ्या चित्रात एक छोटी दुरुस्ती आहे. त्यात मी पडत नाही. मी बांधावरच उभा असतो, हात आकाशात, आणि बगळे आपण होऊन उडतात.