मला तेलुगू येत नाही

मला तेलुगू येतं.

एवढंच वाक्य आहे. पण सगळा जन्म सोलापुरात काढून मी ते कुणापुढे उच्चारलेलं नाही – बायकोपुढे नाही, मुलांपुढे नाही. बँकेत होतो तेव्हा काउंटरवर विणकरांच्या घरच्या म्हाताऱ्या यायच्या, मराठीत अडखळायच्या, आणि मी शिपायाला हाक मारायचो – बघ रे, या काय म्हणतायत. त्या काय म्हणतायत ते मला त्यांचं बोलणं संपायच्या आत कळलेलं असायचं. शिपाई हसायचा. साहेब, इतकी वर्षं इथं राहून चार शब्द शिकला नाहीत? मीही हसायचो.

माणूस न येणारी गोष्ट येते म्हणून सांगतो, हे तुम्ही पाहिलं असेल. येणारी गोष्ट येत नाही म्हणून जन्मभर कोण सांगेल? आणि का?

आम्ही भवानी पेठेत भाड्यानं राहायचो. वडील कोर्टात कारकून. समोरच्या बोळात व्यंकटेशचं घर – बाप दुसऱ्याच्या मागावर विणायला, आई दारात बसून विड्या वळणारी. तिला सगळे अम्मा म्हणायचे, मीही. शाळेतून आलो की दप्तर आमच्या घरात आणि मी त्यांच्या. ती विडीवरची नजर न काढता विचारायची, "तिन्नावा?" – जेवलास का? जेवलो असलो तरी मी नाही म्हणायचो, कारण तिच्या हातच्या चिंचेच्या पातळ आमटीसारखं आमच्या घरी काही नव्हतं. भाषा मी अशी शिकलो, भाताबरोबर. बोळात बॅट-बॉल खेळताना व्यंकू ओरडायचा – "रा!" म्हणजे ये. "वद्दू!" म्हणजे नको. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत मला स्वप्नंसुद्धा अर्धी तेलुगूत पडत असावीत.

शाळेत मात्र मी त्यातला एक शब्द काढत नसे. व्यंकू नववीला आमच्या शाळेत आला – मीच आणला. पी.टी.च्या बिराजदार सरांसमोर मीच त्याला उभा केला, म्हणालो, सर, हा खेळतो. पण वर्गातली पोरं तेलुगू मुलांच्या बोलण्याची नक्कल करायची, हेल काढून चिडवायची, आणि त्या हसण्यात मी असायचो. व्यंकूला ते माहीत होतं. शाळेत माझ्याशी मराठीत, बोळात तेलुगूत – न ठरवता ठरलेलं.

पावसाळ्यात फुटबॉल, दिवाळीनंतर क्रिकेट – आमच्या शाळेचं वर्ष असंच मोजलं जायचं. व्यंकू यायच्या आधी दोन्हीत माझं नाव होतं. मग त्याचं झालं. काळ्या मातीच्या चिखलात तो अनवाणी खेळायचा आणि बूट घातलेली पोरं त्याच्यामागं घसरून पडायची. सर मला म्हणायला लागले, जरा त्याच्याकडं बघून शीक की रे. मी आणलेल्या पोराकडं बघून मी शिकायचं! मी हसून हो म्हणायचो. आत जे व्हायचं त्याला मी तेव्हा नाव दिलं नव्हतं. आता देतो – जळायचो मी. बोळातून येणारा तो बापाच्या मळक्या सदऱ्यातला पोरगा मला सोसवत नव्हता, आणि त्याच्याच आईचा भात मी रोज खात होतो.

अकरावीच्या पावसाळ्यात फुटबॉलमध्ये त्याचा घोटा मुरगळला. तो पुरता बरा झालाच नाही. तसाच तो क्रिकेटला उतरला.

आम्ही अकरावीत, मॅट्रिकचं वर्ष. शेवटच्या सामन्याला एका गिरणीच्या टीमचे साहेब यायचे होते, खास व्यंकूला बघायला. सरांनीच त्यांच्या मागं लागून बोलावलं होतं. पोरगा चांगला खेळला तर मॅट्रिकनंतर टीममध्ये घेऊ, म्हणजे गिरणीच्या ऑफिसात कायमची नोकरी. व्यंकूच्या घरी हे कळल्यापासून अम्मानं देवाला काय काय नवस बोलले होते ते मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. बापाला दम लागायचा. तो आता फार दिवस मागावर बसणार नाही, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. त्या जागी व्यंकूनं बसायचं किंवा गिरणीच्या ऑफिसात जायचं – दोनच वाटा होत्या.

आणि मला? मला ती नोकरी नकोच होती. मी कॉलेजात जाणार हे वडिलांनी केव्हाच ठरवलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. माझ्या ताटातलं कुणी काही ओढून घेत नव्हतं.

मी सलामीला गेलो आणि खातं न उघडता परत आलो. चेंडू मॅटिंगच्या खेळपट्टीवर खालीच राहिला, असं मी सगळ्यांना सांगितलं. मग व्यंकू गेला, आणि काय खेळला तो! साहेब लिंबाखाली खुर्चीत बसले होते, ते पुढं सरकून बसले. मी पाहत होतो – व्यंकूला कमी, साहेबांना जास्त. पन्नाशीजवळ आल्यावर त्याचा घोटा गेला. त्यानं रनर मागितला. रनर म्हणजे काय ते क्रिकेट न बघणाऱ्यासाठी सांगतो – मारायचं त्यानं, पळायचं त्याच्यासाठी दुसऱ्यानं. आणि पळणारा धावबाद झाला तर बाद होतो तो मारणारा. पळणाऱ्याचं काहीच जात नाही.

त्यानं मलाच मागितलं. दुसऱ्या कुणाला नाही.

मी त्याच्यासारखे पॅड बांधले, बॅट घेतली, बाजूला अंपायरजवळ जाऊन उभा राहिलो. माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली. हायसं वाटल्यासारखी. एक-दोन धावा मी नीट पळलो. मग त्यानं एक चेंडू पॉइंटकडं ढकलला. तिथला पोरगा चपळ होता, चेंडू सरळ त्याच्या हातात. व्यंकू ओरडला. मैदानात आम्ही दोघंच बोळातले, त्यामुळे असेल – बोळातलंच ओरडला. "वद्दू!"

मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. कळलं. आणि मी पळालो.

गोंधळलो नाही. घाई झाली नाही. पाय आपोआप सुटले असंही नाही – मी ते सोडले. नको हा शब्द कानात असताना पळत गेलो. समोरच्या टोकाला दिवाकर होता, तो जागचा हललाच नाही. त्याला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं, पण चेंडू कुठं गेला ते दिसत होतं. मी त्याच्या शेजारी जाऊन थांबलो आणि मागं वळून पाहिलं. कीपरनं बेल्स उडवल्या होत्या. व्यंकू दोन्ही पाय क्रीजमध्ये ठेवून, बॅट टेकून उभा होता. आपल्या जागेवर उभा राहून बाद झालेला.

सर धावत आले. का पळालास, म्हणून माझ्यावरच डाफरले आधी. मी म्हणालो, "सर, तो तेलुगूत ओरडला. मला तेलुगू येत नाही. मला वाटलं पळ म्हणाला."

सर व्यंकूकडं वळले. "मराठी शाळेत शिकतुयास की रे? मग हितं मराठीत वरडायला काय झालं? गल्लीतला खेळ हाय का ह्यो?" सगळ्यांसमोर. पोरं फिदीफिदी हसली – कुणीतरी हेल काढून "वद्दू वद्दू" केलं. व्यंकूनं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता तर मी उघडा पडलो असतो. तो लंगडत तंबूकडं गेला. साहेबांनी चहा अर्धा टाकला आणि सरांना सांगून गेले – स्वतःची धाव ज्याला सांगता येत नाही त्याचा टीमला काय उपयोग.

मॅट्रिकच्या निकालाआधीच व्यंकू मागावर बसला.

ती गिरणी पुढं बंद पडली. कामगार देशोधडीला लागले. मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो – बघ, नोकरी मिळून तरी काय झालं असतं? पण ते मला त्या दिवशी माहीत होतं का? नव्हतं. मग तो हिशेब कशाला लावू?

बोळात जाणं मी बंद केलं. वडिलांनी पुढं रेल्वे लाइन्सकडं घर घेतलं, ते बरंच झालं. आणि एकदा येत नाही म्हटल्यावर ती भाषा कायमची येईनाशी करावी लागली. न जाणो, कुणी ऐकलं तर? खोटं बोलणं एका क्षणाचं असतं, पण ते सांभाळणं – ते मी नोकरीपेक्षा जास्त वर्षं केलं.

अम्मा गेली तेव्हा मात्र गेलो. पेपरात वाचलं. दारात गर्दी होती. व्यंकू पार वाळला होता, केस गेलेले, बापासारखाच दम लागत होता. मी हात जोडले. त्यानं मराठीत "या" म्हटलं – अहोजाहो. त्याची धाकटी बहीण – मी तिथं जायचो तेव्हा अगदी लहान होती – पुढं आली, मला निरखून बघत राहिली, आणि भावाला तेलुगूत म्हणाली की हा तोच ना, ज्याची अम्मा शेवटपर्यंत चौकशी करायची? जेवायला का येत नाही आता, कुणी काही बोललं का त्याला, असं विचारत बसायची तोच ना? मग अंग चोरून थांबली, मला कळेल म्हणून.

व्यंकूनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तेलुगूतच तिला म्हणाला, "बोल तू. ह्याला काही कळत नाही."

ती बोलत राहिली. अम्मा दर सणाला एक ताट जास्त वाढायची, हेही बोलली. मी ऐकलं सगळं, आणि चेहऱ्यावर काही न कळल्याचा भाव ठेवून मराठीत म्हणालो – काही लागलं तर सांगा.