तीन मंडळं आणि एक डावा कान

माझ्या बायकोचा डावा कान गेला, त्या संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवत होतो. हे वाक्य मी पुष्कळदा खोडून पाहिलं. पण ते खोडलं की पुढच्या मजकुरात मी फारच सज्जन दिसायला लागतो, आणि ते तिला पटणार नाही. तेव्हा राहू दे.

आमचं घर सोलापुरात एका चौकाच्या तोंडावर, पहिल्या मजल्यावर आहे. मिरवणूक कुठली होती, कुणाच्या जयंतीची, हे सांगत नाही. सांगितलं की निम्मे वाचक म्हणतील, 'हे लोक असलेच', आणि उरलेले निम्मे माझा पत्ता विचारत येतील. आमच्या चौकातून सगळ्यांच्याच मिरवणुका जातात आणि सगळ्यांचे स्पीकर साधारण एकाच गोदामातून भाड्यानं येतात.

चौकाची एक रीत आहे. एक मंडळ आलं की इथं थांबतं. मागून दुसरं येतं, तेही थांबतं. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहतात आणि आवाज चढत जातो. ज्याचं गाणं दुसऱ्याच्या आवाजात बुडालं तो हरला. याला सामना म्हणतात. त्या दिवशी तीन मंडळं समोरासमोर आली होती. आमच्या मांडणीवरचे डबे आपोआप पुढं सरकत होते. खाली एका मंडळाचा अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं वर बघून हात केला, मग मीही टाळ्या वाजवल्या. विद्यार्थी मोठा झालेला पाहून मास्तराला दुसरं काय सुचतं?

बायको स्वयंपाकघरात होती. तिथल्या खिडकीची कडी गंजलेली. ती बदला, असं ती मला कितीतरी दिवस सांगत होती आणि मी 'उद्या' म्हणत होतो. कडी बसेना म्हणून ती खिडकीला खांदा लावून, डावी बाजू बाहेरच्या बाजूला करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कडी ओढत राहिली. तेवढ्यात तिन्ही भिंतींनी एकदमच आवाज सोडला. ती बाहेर आली तेव्हा डाव्या कानावर हात होता. "शिट्टी वाजतीय," म्हणाली. मी म्हटलं, खाली वाजवतायत पोरं. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी इथं लिहीत नाही.

शिट्टी थांबली, पण तिच्या मागोमाग त्या कानातलं बाकीचं सगळंही थांबलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आतली नस दुखावली आहे आणि आता त्या बाजूनं मशीनशिवाय ऐकू येणार नाही, असं सांगितलं. मी विचारलं, मिरवणुकीमुळं झालं असं लिहून द्याल? ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, "मोठ्या आवाजानं झालं असं लिहितो. कुणाच्या ते मला कसं कळणार?"

आता मुद्दा असा, की ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. पहिलीतली पोरं एकमेकांशी ओरडून बोलतात, पण बाईंना काही सांगायचं असलं की टेबलापाशी येऊन कुजबुजतात. शू लागली, याने माझं खोडरबर घेतलं, आमच्या मांजराला पिल्लं झाली. वर्गात तिच्या टेबलाची उजवी बाजू भिंतीला लागून. म्हणजे सगळी कुजबुज डावीकडून. आता पोरं येत होती, सांगत होती आणि बाई वहीतून मान वर करत नव्हत्या. एक मुलगी तर आईला म्हणाली, बाई माझ्यावर रुसल्या. ते ऐकून घरी आल्यावर बायको बराच वेळ चपला न काढता खुर्चीत बसून राहिली.

"मला पैसे नकोत, केस नको," ती म्हणाली. "कुणीतरी येऊन एवढं म्हणावं, की हे आमच्यामुळं झालं. बास."

मला वाटलं, हे तर माझंच काम. मी एका संध्याकाळच्या लॉ कॉलेजात आयुष्यभर अपकृत्यांचा कायदा शिकवला. खून, चोरी वगैरे फौजदारी सोडून, एका माणसानं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यानं ते भरून द्यायचं, एवढाच त्याचा गाभा. सरकारला दंड भरून तो फिटत नाही, देवळाच्या पेटीत टाकूनही फिटत नाही. ज्यानं केलं त्यानं, ज्याला झालं त्याला द्यायचं. तिसऱ्याचं तिथं काम नाही. फळ्यावर मी नेहमी एकच उदाहरण काढायचो: दोन रंगवाल्यांनी आपापल्या हौदातलं रंगाचं पाणी नाल्यात सोडलं, शेजारच्याची विहीर नासली, आणि कुणाच्या रंगानं नासली ते कळायला मार्ग नाही. मग सुटले का दोघं? मुळीच नाही, असं म्हणून मी खडू आपटायचो. खडू मोडायचा. पोरांना तेवढंच लक्षात राहायचं, हे मला नंतर समजलं.

आधी विद्यार्थ्याकडे गेलो. त्याचं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं खुर्ची पुसली, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं, हळहळला. मग म्हणाला, "पण सर, तुमीच शिकवलं की. कुणामुळं झालं ते वादीनं सिद्ध करायचं."

"पुढचंही शिकवलं होतं. रंगवाल्यांचं."

"त्या दिवशी मी गैरहजर असेन सर."

दुसऱ्या मंडळाचा अध्यक्ष नातेवाइकासारखा बोलला. "वहिनींचं ऐकून लई वाईट वाटलं बघा. पण आमचा आवाज म्हणजे नुसता धडधडीचा. छातीत लागतो, कानात न्हाय लागत. तुमी त्या तिसऱ्यांना विचारा." तिसरा म्हणाला, आमचा स्पीकर भाड्याचा, चालवणारा बाहेरगावचा, आमी फक्त मागं चालत होतो. ज्या भिंतीमागं तो चालत होता तिच्यावर आठवडाभर आधी फलक झळकला होता: 'सोलापुरातला सगळ्यात दणदणीत आवाज'. प्रत्येकाच्या फलकावर थोड्याफार फरकानं हेच होतं. मिरवणुकीत तिघेही सगळ्यात मोठे, आणि माझ्यासमोर तिघेही सगळ्यात हळू. अरे, मग तो आवाज आला कुठून? आमच्या घराच्या भिंतीतून? तिघांचा मिळून आवाज एवढा मोठा, की बाईचा कान जातो, आणि तिघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला काहीच येत नाही, हे कुठलं गणित? मी रस्त्यानं एकटाच हातवारे करत घरी आलो. पानवाल्यानं विचारलंसुद्धा, "काय करलालाव सर, भाषणाची तयारी?"

दुसऱ्या फेरीत तिघांनी मिळून माझं तोंड बंद केलं. "सर, वर्गणी दिली होती की तुमी. तिघांनाही." दिली होती. चौकात राहायचं तर कुणाला नाही म्हणता येत नाही. आणि त्यावर कडी म्हणून विद्यार्थ्यानं मोबाईल पुढं केला. मंडळाच्या व्हिडिओत मी गॅलरीत, टाळ्या वाजवतोय, मान हलवतोय. त्यावर कुणीतरी बदाम टाकला होता.

"म्हणजे संमती झाली न्हवं का?" दुसरा अध्यक्ष म्हणाला. हा कायदा त्याला कुणी शिकवला देव जाणे, बहुधा माझ्याच विद्यार्थ्यानं.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे. बायको मैंदर्गीची. फार चिडली की तिच्या तोंडात कानडी येतं. "साकु," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. "वर्गणी कुणी दिली?"

"मी."

"टाळ्या कुणी वाजवल्या?"

"मी."

"कान कुणाचा गेला?"

मी तिच्या डाव्या कानाकडं बघितलं.

"मग तुमच्या संमतीनं माझा कान कसा जातो, ते सांगा की. शिकवता ना एवढं?"

आयुष्यभर 'संमती' या विषयावर मी पेपर काढले, तपासले, आणि हा प्रश्न एकदाही घातला नाही. घरातल्या पुरुषानं हो म्हटलं की घरातले सगळे कान हो म्हणाले, असं धरून चालायची आमच्या चौकाची रीत आहे, आणि मीही त्याच चौकात राहतो. चौकाचं सोडा. मला स्वतःचा जास्त राग आला.

पण राग येऊनही माणूस शहाणा होतोच असं नाही. काही दिवसांनी तिन्ही अध्यक्ष एकत्र घरी आले. ती शाळेत होती. त्यांनी एक कल्पना मांडली: तिन्ही मंडळांच्या वतीनं मोफत कानतपासणी शिबिर. उद्घाटन वहिनींच्या हस्ते. व्यासपीठावर शाल, श्रीफळ आणि ऐकायचं मशीन भेट. मला वाटलं, आले की नाही मार्गावर? मी तत्काळ हो म्हणून टाकलं. वर, सूत्रसंचालन मी करीन, हेही सांगितलं.

ती आली, मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. मी तिच्या डाव्या बाजूला बसलोय, तिला ऐकू गेलं नसेल, असं समजून परत एकदा मोठ्यानं सांगितलं.

"ऐकू आलं पहिल्यांदाच," ती म्हणाली. "माझं घेतलंय त्यांनी. आणि आता मलाच देणगी देणार? मी हात जोडून स्टेजवर उभी राहू? फोटोत हसू?"

"मशीन तर मिळेल ना."

"मशीन मी माझ्या पगारातून घेईन. त्यांनी दिलेलं मशीन कानात घातलं, तर मला ऐकू येणार ते उपकार."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मदत वेगळी आणि भरपाई वेगळी. मदत करणारा मोठा होतो, घेणारा लहान. भरपाई देणारा आधी मान खाली घालतो. आमच्या गावात कुणी मान खाली घालायला तयार नसतं, म्हणून जिकडंतिकडं शिबिरं. रस्त्यातला खड्डा बुजवायचा नाही, पाय मोडलेल्याला चाकाची खुर्ची द्यायची आणि खुर्चीच्या पाठीवर दात्याचं नाव रंगवायचं. ज्यानं खड्डा ठेवला त्याचंच नाव. याला सामाजिक बांधिलकी म्हणतात आणि आम्ही त्यावर टाळ्या वाजवतो. टाळ्यांत मी पुढं असतोच.

तिनं तिघांना घरी बोलावलं. चहा दिला. चकल्या दिल्या. मग म्हणाली, "शिबिर करा, खुशाल करा. मी येणार नाही. मला एकच विचारायचंय. माझा कान कुणी घालवला?"

चकल्यांचा आवाज थांबला. दुसरा म्हणाला, "वहिनी, नशिबाचा भाग." तिसरा म्हणाला, स्पीकरवाल्याशी बोलून घेतो. माझा विद्यार्थी फरशीकडं बघत काहीतरी पुटपुटला.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. तो तिच्या डाव्या बाजूला बसला होता.

त्यानं घसा साफ केला. "आमच्यामुळं झालं, मॅडम. म्हणजे, आमचापण आवाज होता त्यात. मीच चालवणाऱ्याला म्हणलो, वाढव."

"ए, येडा का तू," दुसरा उसळला. "तू कबूल झालास की आमी पण त्यात येतो. सर, ह्याला समजावा."

"मी काय समजावणार," मी म्हटलं, "त्या दिवशी तो हजर होता असं दिसतंय."

यावर दुसरा आणि तिसरा आपसांत भांडायला लागले. तुझ्या ट्रॉलीवर जास्त स्पीकर होते, तुझीच ट्रॉली खिडकीखाली होती, तुझंच गाणं शेवटी ऐकू येत होतं. शेवटी शेवटी तर तिसरा म्हणाला, "सामना आमी हरलो, सगळ्या चौकाला विचारा." हरल्याचा एवढा अभिमान मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. दोघे तसेच भांडत जिना उतरले.

विद्यार्थी बसून राहिला. म्हणाला, "मॅडम, मी काय करू सांगा. मशीन आणून देऊ?"

"आण," ती म्हणाली, आणि मी दचकलो. "तू आण. तुझ्या मंडळाचं नको, फोटो नको. आणि उद्या शाळेत ये. पोरांना वाटतंय मी त्यांच्यावर रुसले. का ऐकू येत नाही ते तू त्यांना सांग."

"पोरांना? मोठ्या माणसांसमोर सांगतो की, मॅडम."

"मोठ्या माणसांचं काही अडलेलं नाही."

तो आला. मी वर्गाच्या दारात उभा होतो, कारण मला राहवत नाही. मुख्यमंत्र्यांसमोर भाषण करायला न घाबरणारा तो पोरगा तिथं हातात हात धरून उभा होता. म्हणाला, "मी लई मोठ्यानं स्पीकर लावला होता. त्यामुळं तुमच्या बाईंना या बाजूनं ऐकू येत नाही. त्या रुसलेल्या न्हाईत. माझी चूक हाय." पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकानं उठून टेबल ओढायला सुरुवात केली, बाकीची धावली, आणि सगळ्यांनी मिळून ते दुसऱ्या भिंतीला नेऊन लावलं. बाईंची उजवी बाजू मोकळी झाली. लगेच तिथं रांग लागली. रुसव्याची तक्रार करणारी मुलगी सगळ्यात पुढं, टाचा उंचावून काहीतरी सांगत होती आणि बायको मान तिरकी करून ऐकत होती.

"झालं," ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली. "जा आता तू."

घरी येताना मी अजून तणतणत होतो. त्या दोघांना सोडायचं नाही, नोटीस पाठवतो, चौकात फलक लावतो, वगैरे. आपण जिंकलो तर नाहीच, एकानं कबूल केलं म्हणजे काय झालं, अजून दोघं राहिलेत.

"तिघं," ती म्हणाली.

"दोघं गं. एक मंडळ झालं, उरली दोन."

तिनं ओढणी नीट केली आणि चालत राहिली. मी तिच्या डाव्या बाजूनं चालत होतो. ते लक्षात आल्यावर मी मागून वळसा घालून उजवीकडं आलो आणि पुन्हा मोजायला लागलो. दोन मंडळं, मग वर्गणी, टाळ्या, आणि मोजता मोजता त्या गंजलेल्या कडीपाशी आलो तेव्हा हिशेब लागला.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात, माझा विद्यार्थी उभा होता त्याच जागी, पोरांसमोर मी उभा होतो. विषय मला आयुष्यभराचा पाठ, तरी सुरुवात कुठून करावी ते कळेना.