जसमतभाईंनी घासलेला पैलू

वराछातल्या हिऱ्यांच्या कारखान्यात लाभुबेन लेझरच्या यंत्रावर बसायची आणि तिचे यजमान जसमतभाई खालच्या मजल्यावर सराणीवर, हिरे घासायच्या फिरत्या चकतीवर. कारखान्यातच यंत्रात वाढवलेले कृत्रिम हिरे ती कापायची. लेझरच्या आचेनं कापलेली बाजू काजळी धरल्यासारखी काळी व्हायची, ती घासून उजळायचं काम जसमतभाईंचं. चहाच्या सुट्टीत तिची काळी बोटं आपल्या रुमालानं पुसत ते सगळ्यांदेखत म्हणायचे, "ही रोज तोंडं काळी करून पाठवते आणि मी बसतो धूत!"

"मी काळी केली नाहीत, तर तुम्ही उजळाल काय? कपाळ?" तीही सोडायची नाही.

एका दुपारी सराणीवरच त्यांची मान कलली, ती पुन्हा वर आली नाही.

दिवसकार्य उरकून लाभुबेन कामावर आली, तेव्हा मॅनेजर नरशीभाईंनी तिच्यापुढे एक पुडी ठेवली. जसमतभाईंच्या हातातला शेवटचा हिरा. एकच पैलू झाला होता, पण पाण्यासारखा नितळ.

"भाभी, या पैलूखाली चीर आहे. तेवढा भाग कापावा लागेल. दुसऱ्या कुणाला देतो मी."

तिनं भिंग लावलं. चीर तिच्याच कापापासून निघाली होती, आच जास्त लागली होती. जसमतभाईंना ती दिसली असणारच. म्हणून तर त्यांनी हाच पैलू आधी घेतला होता, बायकोची चूक घासून मिटवायला. कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

"दुसऱ्या बाजूनं कापलं तर? एवढा पैलू राहील?"

"मग हिरा हाती लागणार नाही, भाभी."

"आणा इकडे. मीच कापते."

नखाएवढी पातळ चकती सुटून आली. एका बाजूला त्यांची झळाळी, दुसऱ्या बाजूला तिची काजळी. चिमट्यात धरून ती कितीतरी वेळ उलटसुलट बघत राहिली. असले तुकडे दळून त्यांची भुकटी सराणीला लावतात.

"ठेवून घ्या," नरशीभाई दुसरीकडे बघत म्हणाले. "शेठशी मी बोलतो."

"घरी नेऊन काय करू, भाई? ही काळी बाजू आता कोण उजळून देणार?"

तिनं चकती पुडीत घातली आणि पुडी दुमडून नरशीभाईंच्या हातात दिली.

चहाच्या सुट्टीत बाकावर बसल्यावर सवयीनं तिचा हात पुढे गेला. जरा वेळ तसाच राहिला. मग त्याच काळ्या बोटांनी तिनं बशी उचलली.