मागच्या खोलीतला पाव्हना

"थांबा, आधी मोजते."

अक्कांच्या घराचं फाटक वाजवलं की आतून हे यायचंच. मग फाटक वीतभर उघडायचं आणि त्या फटीत पाठमोऱ्या उभ्या राहून अक्का बोटानं अंगणातली डोकी मोजायच्या. तीन कुत्री, पाच मांजरी, एक कोंबडी. नऊ भरले की, "या आत, पण पटकन." ती कोंबडी एका बाळंतिणीच्या नवऱ्यानं खुशीनं आणून दिली होती, रश्श्यासाठी. ती सहा वर्षं जगली आणि तिन्ही कुत्र्यांवर तिचा धाक होता.

अक्का निवृत्त नर्स. मूळच्या साक्रीकडच्या खेड्यातल्या, लग्न न केलेल्या. मी फैजपूरहून धुळ्याच्या शाळेत बदलून आले तेव्हा त्यांच्या समोरची खोली मला मिळाली. असं एखादं घर तुमच्याही गल्लीत असेल. तुम्हीही त्याच्यापुढून नाक दाबून गेला असाल. मीही आधी तशीच जायचे. पुढे शाळा सुटली की चहा त्यांच्याकडेच, आणि चहाबरोबर कुत्र्यांच्या भाकरी कुस्करायचं कामही. माणसांशी त्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या आणि जनावरांशी अहिराणी. "चूप बठ, मास्तरीन उनी शे," असं कुत्र्यांना दटावून मला पाट द्यायच्या.

एवढं भरलेलं घर, तरी वर पाव्हने यायचे. साक्री रस्त्याला भटक्या कुत्र्यांचा एक निवारा आहे. तिथली तरुण डॉक्टरीण फोन करायची, एकाचं ऑपरेशन झालंय, ठेवायला जागा नाही. अक्का नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. कुत्रा बरा व्हायचा, कुणीतरी त्याला कायमचा घरी न्यायचं आणि मागची खोली धुऊन पुन्हा रिकामी व्हायची.

त्या उन्हाळ्यातला पाव्हना थोराड होता, तपकिरी, मागच्या पायात सळई घातलेला. जाताना डॉक्टरीण म्हणाली, "मांजरींशी कसा वागतो, आम्हाला माहीत नाही. खोलीची कडी कायम लावा." तीन आठवडे कडी न चुकता लागली.

एका शनिवारी अक्का शिरपूरला भाचीच्या बाळाच्या बारशाला गेल्या. किल्ली माझ्याकडे. दुपारी मी पाव्हन्याला दूधभाकर दिली, तेवढ्यात शाळेतून फोन आला. निकालपत्रकात चूक झालीय, लगेच या. बोलता बोलताच मी खोलीचं दार ओढलं, घराला कुलूप घातलं आणि निघाले.

चार वाजता परतले तर घरात आवाज नव्हता. कोंबडी कपाटावर, तिन्ही कुत्री पलंगाखाली. मोरीपाशी पिवळी मांजर पडली होती, सगळ्यांत म्हातारी, अकरा वर्षांची. तिची मान भलत्याच बाजूला वळलेली होती. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि पाव्हना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. मी होते तिथेच उभी राहिले. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

अक्का पाचच्या बसनं आल्या. मी त्यांना फाटकाबाहेरच गाठलं.

"अक्का, दार उघडं राहिलं."

मी शाळेत व्याकरण शिकवते. 'राहिलं' म्हणाले. 'मी ठेवलं' म्हणाले नाही.

त्या सरळ आत गेल्या. मोरीपाशी क्षणभर थांबल्या, मग मांजरीच्या बाजूनं पुढे होऊन पाव्हन्याकडे गेल्या. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "हाई काय कयं रे तू," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "मिठाचं कोमट पाणी आण, पोरी. त्याच्या डोळ्यात नख गेलंय."

"अक्का, त्यानं मारलं तिला!" मी ओरडलेच.

"दिसलं मला. ती गेली. याचा डोळा अजून जायचाय."

त्यांनी डोळा धुतला. त्याला खोलीत नेलं, कडी लावली. मग मोरीपाशी मांडी घालून बसल्या, मांजरीला जवळ घेतलं आणि तिच्या शेपटीत अडकलेली कुसळं एकेक करून काढायला लागल्या. सगळी निघेपर्यंत काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण आली, गल्लीही जमली. शेजारचे नाना म्हणाले, "हायवेला सोडून द्या त्याला. आज मांजर मारली, उद्या पोराला धरेल."

डॉक्टरीण रडवेली झाली होती. "मी घेऊन जाते, अक्का."

"जागा झाली?"

"नाही."

"मग नेशील कुठे?"

नानांनी विचारलं, "पण दार उघडलं कसं?"

मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होते.

"कडी सैल झालीय," अक्का म्हणाल्या. "महिना झाला, बसवून घेऊ म्हणत होते. माझंच चुकलं."

कडी सैल नव्हती. मीही ती कितीदा लावली होती, मला माहीत होतं. पण मी कप वाटले. म्हातारीला झेपत नाही तरी हौस भारी, असं नानांनी गल्लीभर केलं. अक्कांनी ते निमूट ऐकून घेतलं आणि मी चार दिवस चहाला गेले नाही.

पाचव्या दिवशी गेले. त्या भाकरी कुस्करत होत्या.

"अक्का, कडी मी लावली नव्हती."

"माले माहीत शे." माझ्याशी त्या पहिल्यांदाच अहिराणीत बोलल्या.

"मग नानांना तसं का सांगितलंत?"

"गल्लीला कळलं असतं तर तू परत आली असतीस?" त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "धर. आजपासून त्याला तू घालायचं. दोन्ही वेळा."

मला त्या कुत्र्याची भीती होती आणि खरं सांगायचं तर किळसही. पहिला आठवडा मी दार जेमतेम उघडून ताटली आत ढकलायचे. मग आत जाऊन बसायला लागले. त्याचा एक डोळा पांढरा पडला होता. मी त्या बाजूनं गेले की दचकायचा, म्हणून आधी हाक मारायची सवय मला लागली.

त्याला न्यायला माणसं यायची. अक्का त्यांना बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि सांगायच्या, "यानं माझी मांजर मारलीय. घरी मांजर असेल तर नेऊ नका." तीन घरची माणसं पाणी पिऊन परत गेली. चौथा शिरपूरकडचा शेतकरी, मळ्यातच राहणारा. म्हणाला, "आज नाहीय मांजर. पुढेमागे आली तर?"

"तर याला बांधा आणि मला फोन करा. मी घेऊन येईन."

तो त्याला घेऊन गेला. तसा फोन कधी आला नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी अक्का दूध आणायला गेल्या आणि रस्त्यातच खाली बसल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कुणीतरी त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चहा घेतला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर मी नुसती बसले होते आणि तो मोबाइल वाजला. मी उचलल्याबरोबर डॉक्टरीण बोलत सुटली.

"अक्का, नाही म्हणू नका. एक कुत्री आणलीय, पिल्लं होणारेत तिला. इतकी घाबरलीय की अन्नाला तोंड लावत नाही. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?"

"मी समोरची," मी म्हणाले. "अक्का गेल्या."

फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. निवाऱ्यातली सगळी कुत्री भुंकताना मला ऐकू येत होती.