मनगट धरणारी शेजारीण

आमच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण हात मिळवायची नाही, मनगट धरायची. दोन बोटं नाडीवर, नजर घड्याळावर. मग मान हलवून म्हणायची, "आल्झो, लॉइफ्ट!" म्हणजे, चालू आहे.

जर्मनीत र्युसेल्सहाइमला लेकाकडे राहायला आले तेव्हा मी तरुण होते, जेमतेम पासष्टची. अक्कल यायची होती. जिन्यात तिनं माझं मनगट धरलं, तर मला वाटलं, बाई हात बघते! मी लगबगीनं उजवा सोडवून डावा तळवा पुढे केला. बायकांचा डावा बघतात, एवढंही या गोऱ्या ज्योतिषिणीला ठाऊक नाही, म्हणून मनात हसलेसुद्धा. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "पुण्याला परत कधी जाईन?" तिनं डाव्या हाताचीही नाडी मोजली, "लॉइफ्ट" म्हणाली आणि सायकल घेऊन गेली. योग आहे, योग आहे, असं मी घरभर सांगत सुटले. शेवटी सून म्हणाली, "अहो आई, त्या इमर्जन्सीत नर्स आहेत."

ज्योतिषीण नसली तरी चालेल, असं मी ठरवलं. कारण तुम्हाला म्हणून सांगते, हे गेल्यापासून माझा हात असा कुणी धरलाच नव्हता. तिच्या पावलांचा आवाज आला की मी कचरा टाकायला निघायचे. पिशवी रिकामी असली तरी. "आजी, आज कचरा फारच हलका दिसतोय," ती म्हणायची. नातवाचं ऐकून तीही मला आजीच म्हणे. स्वतः साठीला टेकलेली!

मग करोना आला. सगळं गाव दारं लावून बसलं आणि ही येमेनच्या हॉस्पिटलात कामाला निघाली.

"अगं, तिथे लढाई चालू आहे ना?"

"हो. आता तापही आहे."

सून दारात पहारा देत होती, हात लावायची सोय नव्हती. शेजारणीनं लांबूनच स्वतःचं मनगट धरून दाखवलं. मीही माझं धरलं.

तिथून ती कधीमधी फोन करी. "इथे लोक फार उशिरा येतात, आजी. बंदुकीच्या गोळीपेक्षा हॉस्पिटलला घाबरतात. आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही म्हणतात." एकदा म्हणाली, ऑक्सिजन कमी, माणसं जास्त. एका म्हातारीला सिलिंडर देता आला नाही, म्हणून ही त्या म्हातारीचं मनगट धरून बसून राहिली. "दोन-दोन हातमोजे. नाडी लागतच नाही गं. कधी थांबली, तेही कळलं नाही."

मी बडबडी, न राहवून शेवटी विचारलं, "आणि तुझा हात कोण धरतं?"

"पेशंट आलाय, आजी," म्हणून तिनं फोन ठेवला.

पानगळीत ती परतली. आधी एकटीच वर कोंडून राहिली. मी खाली बसून तिची पावलं ऐकायचे. मोकळी झाली त्या संध्याकाळी जिन्यात माझी वाटच बघत बसलेली. बाही वर सारली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "आज तू बघ."

"आई, नको!" आतून सून.

मी पायरीवर बसले. चाचपलं, दाबलं. "लागत नाही गं."

"अंगठा नको. दोन बोटं."

मग लागली. "लॉइफ्ट," मी म्हटलं. तिनं डोकं गुडघ्यावर टेकलं. जिन्यातला दिवा आपसूक विझला. बटण दाबायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

हिवाळ्यात ती पुन्हा गेली. "आता पुरे की," मी रागावले, तर म्हणाली, "तिथे बोटं कमी पडतात, आजी."

नंतर फोन थांबले. मी मात्र रिकामी पिशवी घेऊन जिन्यात जातच होते.

झाडांना पालवी फुटली तेव्हा तिचा भाऊ घर रिकामं करायला आला. तापानं गेली, म्हणाला. तिथेच पुरली. त्यानं हात पुढे केला. माझी दोन बोटं आपोआप त्याच्या मनगटावर गेली.

तो दचकला नाही. बहिणीची सवय असणार. दुसऱ्या हातातली सामानाची पेटी खाली ठेवून तो शांत उभा राहिला, आता मी तो शब्द म्हणेन म्हणून.

मी मोजतच राहिले.