ड्रोनने मान डावीकडे टाकली

मंडळी, आधीच सांगून ठेवतो. भूतखेत, चाहूल, सावली असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहा पाजतो आणि घरी पाठवतो. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे मी. पार्ट रिजेक्ट का झाला याचं कारण सापडल्याशिवाय मला डबा गोड लागत नाही. रहाटणीत आमच्या सोसायटीची लिफ्ट आपोआप उघडायची, तेव्हा अख्खी बी विंग जिन्याने जात होती. मी सेन्सरवर बसलेली पाल काढली. विषय संपला!

तर अशा माणसाच्या बाबतीत हे घडलं आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

मला ड्रोनचा नाद आहे. छोटासाच आहे, तळहातावर मावणारा. "पन्नाशीला आलात आणि पतंग उडवताय," असं बायको म्हणते. रहाटणीत उडवायची सोय नाही, अ‍ॅपमधला नकाशा लालेलाल दिसतो. म्हणून मी सासुरवाडीला जातो. चाकण-शिक्रापूर रस्त्यावरून आत वळलं की गोडाऊनांच्या रांगा लागतात, त्या संपल्या की सासऱ्यांचं शेत. तिथे नकाशा स्वच्छ, आकाश मोकळं आणि वर चहा फुकट.

गेल्या उन्हाळ्यात मेव्हण्याचा, संतोषचा फोन आला. "दाजी, तुमचा ड्रोन घेऊन या. अर्जंट हाय. आण्णा सही करंनात."

आण्णा म्हणजे त्याचे वडील, माझे सासरे; मी त्यांना मामा म्हणतो. रस्त्याकडेचं शेत गोडाऊनच्या शेडसाठी भाड्याने द्यायचं ठरलं होतं. खांबांच्या जागा पांढऱ्या फक्कीने आखून झाल्या होत्या, सकाळी जेसीबी यायचा होता. आणि मामा अडून बसले होते. कारण हरण्या.

हरण्या हा मामांचा बैल. बैलगाड्याच्या शर्यतीत एके काळी असा एक घाट, म्हणजे गाडे पळवायची धाव, नव्हता, जिथे त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. म्हातारपणी तो गेला, तेव्हा मामांनी त्याला वाजतगाजत याच शेतात पुरलं. खूण होती कडुलिंबाची. पण पुढे लिंब गेला, रस्ता रुंद करताना बांध गेला, वर मुरूम पडला. आता नेमकी जागा कुणालाच सांगता येईना. मामा म्हणत विहिरीच्या अंगाला, संतोष म्हणे बांधाच्या अंगाला, आणि बांध कुठे होता यावर पुन्हा भांडण.

"त्याच्या छाताडावर खांब उभा करायचा न्हाई," मामा म्हणाले. "जागा घावली तर सही. न्हाई घावली तर शेड न्हाई."

संतोषची कल्पना चांगली होती. वरून फोटो काढले तर जुन्या बांधाची रेघ मातीत दिसेल. मी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तसाच निघालो. शेतात पोचलो, ड्रोन जमिनीवर ठेवला, मोबाइल जोडला... आणि स्क्रीनवर लाल पट्टी. कंपास एरर. कॅलिब्रेट करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ड्रोनच्या पोटात होकायंत्र असतं. जवळ लोखंड आलं की ते भंजाळतं आणि ड्रोनला दिशा कळत नाही. उपाय सोपा. ड्रोन आडवा धरून स्वतःभोवती फिरायचं, मग नाक खाली करून पुन्हा फिरायचं, की पट्टी जाते.

मी फिरलो. पट्टी तशीच.

"जावईबापू कुनाला ओवाळतायत?" मामांनी बाजेवरून विचारलं.

"यंत्राला दिशा दाखवतोय, मामा."

"तुमालाच घेरी यायची. पानी घ्या आधी."

बाज लाकडी होती, तिचा दोष नव्हता. गाडी लांब उभी केली. हातातलं कडं काढलं, किल्ल्या संतोषकडे दिल्या, मोबाइलचं चुंबकवालं कव्हर काढलं. फिरलो. पट्टी तशीच! संतोष हसून लोळायचा बाकी होता. "दाजी, आता कपडे तेवढे ऱ्हायलेत बघा."

तेवढ्यात गोठ्यातलं एक दांडगं रेडकू सुटून आलं आणि त्याने माझ्या पायावर पाय दिला. मी ओरडायला तोंड उघडलं... पण दुखलंच नाही. का दुखलं नाही? मी खाली बघितलं. कंपनीतले सेफ्टी शूज! पुढे लोखंडी टोपी बसवलेले! शिफ्टवरून तसाच आलो होतो आणि दोन्ही पायांत लोखंड घालून होकायंत्राला समजावत होतो. ही चूक आमच्या चाकणवाल्यांनाच जमते, राव.

बूट फेकले, अनवाणी फिरलो, पट्टी गेली. बघा, कारण असतंच! मी छाती फुगवून ड्रोन वर सोडला.

सगळं शेत फिरवलं. एरर नाही, काही नाही. पण फोटोत बांधही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत मुरमाचं एकसारखं करडं फडकं. मामांनी स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवून बसले. संतोष हळूच म्हणाला, "शेड गेली आता." कर्जाचा विषय नव्हता, पण रोजचं कंपनीतलं कंत्राटी काम सोडून स्वतःचं काही करायची ती त्याची एकच संधी होती, हे मला माहीत होतं.

मी ड्रोन परत बोलावला. सूर्य मावळतीला टेकला होता, वारा पूर्वेकडे चालला होता. शेजारच्या रानातला पाचटाचा धूर तिकडेच वाहत होता, म्हणून वाऱ्याची दिशा छातीठोक सांगतो. अर्ध्या वाटेत मोबाइल किंचाळला. कंपास एरर! खाली मोकळा मुरूम, आसपास ना तार, ना टॉवर, ना पत्रा. मी अनवाणी.

कंपास गेला की ड्रोन वाऱ्याबरोबर वाहतो. माझा वाऱ्याच्या विरुद्ध निघाला! संथ, ऐटीत. रिमोटची दांडी उलटी ओढली तरी ऐकेना. एका जागी येऊन थांबला. आणि मग त्याने नाक हळूच डावीकडे वळवलं. पुन्हा सरळ. पुन्हा डावीकडे.

मामा बाजेवरून उठले. काठी तिथेच राहिली.

"संतोष... मान बघ."

संतोषचं हसू गेलं. "आण्णा, गप बसा."

"बघ म्हनतो! झेंडा पडायच्या आधी मान कशी टाकायचा त्यो? डावीकडंच ना?"

मामा अनवाणी मुरमातून चालत खाली जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि घाटात घुमायचा तसा आवाज काढला. "हौ... हौ रं हरण्या! हौ!"

ड्रोन खाली आला. अलगद, त्यांच्या पायाशी. मी तोवर दांडी खाली ओढून धरली होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण त्याआधी तो माझं काहीएक ऐकत नव्हता.

संतोषने त्या जागेभोवती फक्कीचा गोल मारला. एका खांबाची आखणी बरोबर त्या गोलात येत होती.

मी शिफ्ट बदलून घेतली आणि सकाळी हजर झालो. जेसीबीवाल्याने मामांच्या धाकाने माती अगदी साय काढावी तशी काढली. मुरूम गेला, काळी माती लागली, आणि तिच्यात काहीतरी पिवळं चमकलं. घुंगरमाळ. हरण्याला पुरताना गळ्यात ठेवलेली. मामा खड्ड्याच्या काठावर बसले, माळ मांडीवर घेतली आणि उपरण्याने एकेक घुंगरू पुसत राहिले. "हितंच हाय," म्हणाले. "हितंच व्हता." थोड्या वेळाने त्यांनी पेन मागितलं.

आता क्वालिटीवाल्याचं काम. माझ्या खिशात कायम चुंबक असतं. मी ते माळेला लावलं. चिकटेना. प्रत्येक घुंगराला लावलं, कडीला लावलं. सगळं अस्सल पितळ! पितळेने कंपास ढिम्म हलत नाही, मंडळी. खड्डाभर चुंबक फिरवलं, एक खिळासुद्धा निघाला नाही. कंपनीतला एक मित्र म्हणाला की आपल्या काळ्या दगडात लोह असतं. असेल की! मग बाकीच्या शेतात काय साबण आहे?

खांब सरकवला. गोल मोकळा ठेवून तिथे लिंब लावला आहे. शेड उभी राहिली, संतोषचं बरं चाललंय. माझा ड्रोन मी त्यानंतर गावोगाव उडवला, पुन्हा एरर आला नाही. फक्त त्या लिंबाजवळून उडवला की वर जाताना नाक एकदा डावीकडे जातं. पट्टी येत नाही, काही येत नाही. मला कारण सापडलेलं नाही, आणि डबा मात्र गोड लागतो.

मामा आता दर खेपेला पंखे थांबले की ड्रोनपुढे गुळाचा खडा ठेवतात. परवा मी म्हटलं, "मामा, हा बॅटरीवर चालतो."

"चालू द्या की," मामा म्हणाले. "तुमाला न्हाई दिला म्हनून वाईट वाटलं व्हय?"

आणि एक खडा माझ्या हातावर ठेवला.